एडिनबर्गचे अधिकारी ऐकेनात, म्हणून डोरोथिया डिक्स रात्रीच्या गाडीनं लंडनला गेल्या आणि स्कॉटलंडला कायदा बदलावा लागला

१८५५ सालचा फेब्रुवारी महिना. एडिनबर्गमध्ये कडाक्याची थंडी. तिकडे क्रिमियाचं युद्ध सुरू होतं, ब्रिटनचं सरकार नुकतंच पडून नवं आलं होतं आणि कुणालाही दुसऱ्या कशासाठी वेळ नव्हता.

अशा वेळी ५२ वर्षांची, छातीच्या दुखण्यानं बेजार झालेली एक अमेरिकन बाई एडिनबर्गजवळच्या मसलबरा गावातली बंद दारं ठोठावत फिरत होती. तिच्याकडे सरकारी पद नव्हतं, कुठल्या संस्थेचं पत्र नव्हतं. ती ब्रिटनची नागरिकही नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की या घरांच्या आत ठेवलेली माणसं तिला बघायची आहेत.

ही बाई म्हणजे डोरोथिया डिक्स. अमेरिकेत त्यांचं नाव तोवर घराघरांत पोहोचलं होतं. मनोरुग्णांना तुरुंगातून काढून रुग्णालयात नेणारी बाई म्हणून लोक त्यांना ओळखायचे. स्कॉटलंडमध्ये मात्र त्या विश्रांतीसाठी आलेल्या पाहुण्या होत्या. पुढच्या काही आठवड्यांत या पाहुणीनं स्थानिक अधिकाऱ्यांना असा काही घाम फोडला की दोन वर्षांनी स्कॉटलंडचा कायदा बदलावा लागला.

आज स्कॉटलंडमध्ये मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रत्येक माणसाला स्वतंत्र ॲडव्होकसीचा कायदेशीर हक्क आहे. म्हणजे त्याचं म्हणणं मांडायला मदत करणारा असा माणूस, जो रुग्णालयाचाही नोकर नाही आणि कौन्सिलचाही नाही. हा हक्क डिक्स यांच्यामुळे आला असं म्हणता येणार नाही, मध्ये दीडशे वर्षं गेली आहेत. पण ज्याचं कुणाकडे काही अडलेलं नाही असा माणूस बाजूनं उभा राहिला की काय होतं, हे स्कॉटलंडनं त्या हिवाळ्यात पाहिलं. आणि अशा माणसाच्या मर्यादा काय असतात, हेही पुढे दिसलं.

बारा वर्षांची मुलगी घर सोडून गेली

डोरोथियाचा जन्म ४ एप्रिल १८०२ चा. गाव हॅम्पडेन, आजच्या मेन राज्यातलं. वडील जोसेफ डिक्स गावोगाव फिरून धर्मोपदेश करायचे आणि दारूही प्यायचे. आई सतत आजारी. घरात पैसा नाही, प्रेमाचीही वानवाच. बाराव्या वर्षी ही मुलगी बॉस्टनला आजीकडे निघून गेली. आजोबा डॉक्टर होते, घर खानदानी होतं. आजी मात्र शिस्तीची कडक.

चौदाव्या वर्षी तिनं वूस्टर गावात लहान मुलांची शाळा काढली. आपण लहान दिसू नये म्हणून ती मोठ्या बायकांसारखे लांब कपडे घालायची म्हणतात. पुढे बॉस्टनमध्येही तिनं शाळा चालवल्या. १८२४ मध्ये मुलांसाठी सामान्यज्ञानाचं एक पुस्तक लिहिलं. ते इतकं चाललं की वर्षानुवर्षं नव्या आवृत्त्या निघत राहिल्या.

पण तब्येत साथ देईना. १८३६ मध्ये शरीर आणि मन दोन्ही एकदमच कोलमडलं. शाळा बंद झाली. डॉक्टरांनी हवापालट सुचवला आणि डिक्स इंग्लंडला गेल्या. लिव्हरपूलच्या रॅथबोन कुटुंबानं त्यांना दीड वर्षाच्या आसपास आपल्या घरी ठेवून घेतलं. हे घर सुधारकांचं होतं. मनोरुग्णांना साखळदंडाशिवाय, माणुसकीनं वागवता येतं, हे यॉर्क शहरात क्वेकर पंथाच्या लोकांनी १७९६ पासून करून दाखवलं होतं. अशा गोष्टींची चर्चा या घरात जेवणाच्या टेबलावर व्हायची.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मनानं खचणं म्हणजे काय, हे डिक्स यांनी स्वतः अनुभवलं होतं. फरक एवढाच की त्यांच्या वाट्याला उबदार खोली आणि काळजी घेणारी माणसं आली. त्या इंग्लंडमध्ये असतानाच आजी वारली. तिच्या इस्टेटीतून त्यांना पोटापुरतं कायमचं उत्पन्न मिळालं. लग्न त्यांनी केलं नाही. यापुढे आयुष्यभर त्यांना कुणाच्या पगाराची गरज पडली नाही, आणि त्यांच्या पुढच्या कामाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

तुरुंगातली शेगडी

मार्च १८४१. बॉस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात बायकांना रविवारी बायबल शिकवायला कुणी मिळत नव्हतं. डिक्स गेल्या. तास झाल्यावर त्यांनी तुरुंगाचा बाकीचा भाग पाहिला. तिथं कोणताही गुन्हा न केलेली, फक्त मानसिक आजार असलेली माणसं कोंडली होती. मार्चची थंडी, आणि खोलीत शेकोटी नाही. कारण विचारलं तर उत्तर आलं की वेड्यांना थंडी कळत नाही.

डिक्स कोर्टात गेल्या. शेगडी बसली.

दुसरी कुणी असती तर इथं समाधान मानून घरी गेली असती. डिक्स यांना प्रश्न पडला की एका तुरुंगात हे चाललंय, तर बाकीच्या ठिकाणी काय असेल? त्यांनी वही घेतली आणि जवळजवळ दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स राज्यातले तुरुंग, गरीबघरं, तळघरं, गोठे पालथे घातले. कोणत्या गावात, कुठल्या इमारतीत, किती माणसं, अंगावर काय कपडे, साखळी कुठे बांधली आहे, सगळं टिपलं. जानेवारी १८४३ मध्ये हे निवेदन विधिमंडळात गेलं.

ते त्यांनी स्वतः वाचून दाखवलं नाही. बायकांना मत नव्हतं, सभागृहात बोलायचा तर प्रश्नच नव्हता. अंधांच्या शाळेचे प्रमुख आणि आमदार सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी ते मांडलं. गावोगावचे गरीबघर चालवणारे खवळले. बाई अतिशयोक्ती करते, खोटं लिहिते, असे आरोप झाले. पण नोंदींमध्ये गावाचं नाव होतं, जागा होती. कुणालाही जाऊन पडताळता येत होतं. शेवटी वूस्टरच्या रुग्णालयाचा विस्तार मंजूर झाला.

मग ही पद्धतच झाली. आधी स्वतः पाहायचं, मग लिहायचं, मग योग्य माणसाच्या हातात द्यायचं. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, नॉर्थ कॅरोलिना. त्यांच्याच हिशेबानुसार पहिल्या तीन वर्षांत त्यांनी दहा हजार मैलांहून जास्त प्रवास केला, तोही बैलगाडीसारख्या हादरणाऱ्या घोडागाड्यांतून आणि बोटींतून. तीसहून अधिक रुग्णालयं उभी राहण्यात किंवा वाढण्यात त्यांचा हात होता असं मानलं जातं.

त्यानंतर त्यांनी सगळ्यात मोठा डाव टाकला. केंद्र सरकारनं १ कोटी २२ लाख २५ हजार एकर सरकारी जमीन द्यावी, तिच्या विक्रीतून येणाऱ्या पैशावर मनोरुग्णांची, आणि काही भागावर अंध आणि कर्णबधिर लोकांची सोय व्हावी, असं विधेयक. त्यासाठी सहा वर्षं त्या वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडून होत्या. १८५४ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी व्हेटो वापरून ते फेटाळलं. गरिबांची आणि आजाऱ्यांची काळजी हे राज्यांचं काम, केंद्रानं त्यात पडू नये, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेचं केंद्र सरकार त्यानंतर कित्येक दशकं या विषयापासून लांबच राहिलं.

सहा वर्षांची मेहनत एका सहीत गेली. डिक्स थकल्या, आजारी पडल्या आणि सप्टेंबर १८५४ मध्ये पुन्हा इंग्लंडच्या बोटीत बसल्या. रॅथबोन कुटुंबाचं दार पुन्हा उघडलं. यावेळी खरंच फक्त आराम करायचा होता.

मसलबरामधला धंदा

स्कॉटलंडमध्ये मनोरुग्णांची परिस्थिती तेव्हा दुभंगलेली होती.

एका बाजूला देशाला अभिमान वाटावा अशी सात रुग्णालयं होती, राजाच्या सनदेनं चालणारी. पहिलं माँट्रोजचं, १७८१ मध्ये सुझन कार्नेगी नावाच्या बाईंच्या खटपटीतून उभं राहिलेलं. मग ॲबर्डीन, एडिनबर्ग, ग्लासगो, डंडी, पर्थ आणि डमफ्रीज. एडिनबर्गच्या रुग्णालयामागे तर एका कवीचा मृत्यू आहे. रॉबर्ट फर्ग्युसन हा गुणी स्कॉट कवी १७७४ मध्ये वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी शहराच्या वेड्यांच्या कोठडीत गेला. त्याला शेवटच्या दिवसांत पाहणारे डॉक्टर अँड्र्यू डंकन ते विसरू शकले नाहीत. त्यांनी पुढची कित्येक वर्षं पाठपुरावा करून चांगलं रुग्णालय उभं करायला लावलं. ते १८१३ मध्ये सुरू झालं.

पण या सात रुग्णालयांत जागा किती असणार? उरलेल्या गरीब रुग्णांचं काय होत होतं, ते पाहायचं तर मसलबरासारख्या गावात जावं लागायचं.

व्यवस्था अशी होती. गरिबांची जबाबदारी पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेल्या स्थानिक विभागावर होती. १८४५ च्या गरीब कायद्यानं प्रत्येक पॅरिशला त्यासाठी मंडळ दिलं होतं आणि खर्च स्थानिक करदात्यांच्या खिशातून जायचा. साहजिकच मंडळ स्वस्त जागा शोधायचं. ती जागा म्हणजे खासगी घरं. घरमालक दर रुग्णामागे ठरलेली रक्कम घ्यायचा. त्यातून अन्न, कोळसा, कपडे यांवर जेवढं कमी खर्च होईल तेवढा त्याचा नफा. मालकाला वैद्यकीय शिक्षण असावं अशी अट नव्हती. दुसऱ्या धंद्यातून आलेले लोक हे दुकान उघडून बसायचे. परवाना द्यायचा आणि तपासणी करायची ती शेरीफनं. स्कॉटलंडमध्ये शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा न्यायाधीश. त्याच्या डोक्यावर आधीच शंभर कामं.

म्हणजे बघा, पॅरिशला स्वस्तात हवं, मालकाला नफा हवा, शेरीफला कटकट नको आणि करदात्याला कर वाढायला नको. या साखळीत प्रत्येकाचं काही ना काही अडलेलं. फक्त आत कोंडलेल्या माणसाला यात विचारणारं कुणी नव्हतं.

हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. १८४८ मध्ये लॉर्ड ॲडव्होकेट, म्हणजे स्कॉटलंडचे सर्वोच्च सरकारी वकील, अँड्र्यू रुदरफर्ड यांनी सुधारणेचं विधेयक आणलं होतं. ठिकठिकाणच्या विरोधामुळे ते बारगळलं. मुख्य तक्रार खर्चाची होती.

डिक्स एडिनबर्गला आल्या आणि सवयीप्रमाणे आधी पाहायला निघाल्या. चांगली रुग्णालयं पाहिली, त्यांचं कौतुकही केलं. मग खासगी घरांकडे वळल्या. काही दारं उघडली, काही तोंडावर बंद झाली. आत अंधार, थंडी, घाण, आणि बांधून ठेवलेली माणसं. पुढे सरकारी चौकशीत जे कागदावर आलं ते वाचवत नाही. एकाच अंथरुणात कोंबलेले उघडे रुग्ण, गवताच्या गाद्या, पायात अडकवलेल्या बेड्या.

त्यांनी स्थानिक अधिकाऱ्यांकडे चौकशीची मागणी केली. उत्तरं नेहमीची होती. हे आमच्या अधिकारात नाही, ते त्यांच्या अधिकारात नाही, कायदा असाच आहे. काहींना तर रागच आला. अमेरिकेतून आलेली बाई आम्हाला शिकवणार? स्वतःच्या देशात गुलामांचा बाजार भरतो, तो आधी बघा म्हणावं. हा टोमणा अगदीच बिनबुडाचा नव्हता, त्यावर पुढे येऊच.

रात्रीची गाडी

मग डिक्स यांनी थेट लंडन गाठायचं ठरवलं. पुढचा किस्सा त्यांच्या चरित्रातून चालत आलाय. एडिनबर्गचे लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे महापौर म्हणा, या बाईवर नाराज होते. ती लंडनला जाणार याची कुणकुण लागताच आपणच आधी जाऊन गृहमंत्र्यांचे कान भरावेत असा त्यांचा बेत होता. पण मोठ्या माणसाचा प्रवास तो. सामान बांधा, तयारी करा. डिक्स यांनी एक छोटी पिशवी उचलली आणि रात्रीची गाडी पकडली. प्रोव्होस्ट पोहोचले तेव्हा भेटीगाठी होऊन गेल्या होत्या.

किस्सा थोडा रंगवलेला असेल. पण त्या आधी पोहोचल्या आणि भेटल्या, हे खरं. आर्गाइलचे ड्यूक हे स्कॉटिश सरदार मंत्रिमंडळात होते, त्यांना भेटल्या. इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर आयुष्य घालवणारे लॉर्ड शाफ्ट्सबरी होते, त्यांना भेटल्या. आणि गृहमंत्री सर जॉर्ज ग्रे यांच्यासमोर आपण काय पाहिलं ते मांडलं.

त्या मागत काय होत्या? पैसे नाही, नवं रुग्णालयही नाही. त्यांना चौकशी आयोग हवा होता. मागणी इतकी साधी की नाही म्हणणं अवघड. नाही म्हटलं तर लपवायचं काय आहे, हा प्रश्न आलाच.

एप्रिल १८५५ मध्ये शाही आयोग नेमला गेला. चार सदस्य. शेरीफ अलेक्झांडर अर्ल माँटीथ आणि डॉक्टर जेम्स कॉक्स हे स्कॉटलंडचे, तर सॅम्युअल गॅस्केल आणि विल्यम जॉर्ज कॅम्बेल हे इंग्लंडच्या मनोरुग्ण आयोगातले. निम्मे सदस्य बाहेरचे ठेवणं हा शहाणपणाचा निर्णय होता. एडिनबर्गच्या क्लबात रोज भेटणाऱ्या माणसांनी एकमेकांची चौकशी केली असती तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

आयोगानं दोन वर्षं देश पालथा घातला. नुसती खासगी घरंच नाही, तर खेड्यापाड्यांत नातेवाइकांकडे ठेवलेले रुग्णही पाहिले. १८५७ मध्ये अहवाल आला आणि त्यानं खळबळ उडाली. मे महिन्यात संसदेत चर्चा झाली. हे सगळं बाहेर यायला एका अमेरिकन बाईंनी यावं लागलं, हे खुद्द ग्रे यांनी सभागृहात मान्य केलं. स्कॉटिश खासदारांना ते ऐकताना कसं वाटलं असेल याची कल्पना करता येते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्कॉटलंडचा नवा कायदा मंजूर झाला. अकरा वर्षांपूर्वी नाही, पण नऊ वर्षांपूर्वी खर्चाच्या नावाखाली पाडलेली सुधारणा आता कुणाला पाडता आली नाही.

कायद्यानं काय बदललं

सगळ्या देशासाठी एक केंद्रीय मंडळ आलं. परवाना त्याचा, तपासणी त्याची. कुणाला रुग्णालयात दाखल करायचं तर दोन डॉक्टरांचे दाखले आणि शेरीफचा आदेश लागू लागला. जिल्ह्यांना स्वतःची सार्वजनिक रुग्णालयं बांधणं भाग पडलं. पहिलं आर्गाइलमध्ये लॉकगिल्पहेडला १८६३ मध्ये उघडलं, पुढच्या वर्षी इन्व्हरनेसचं. मसलबराचा धंदा हळूहळू बसला.

मंडळावर डॉ. विल्यम ब्राऊन आले. वेड्यांची रुग्णालयं कशी होती, कशी आहेत आणि कशी असावीत, यावर त्यांनी १८३७ मध्येच व्याख्यानं छापली होती. म्हणजे काय करायचं याचं ज्ञान स्कॉटलंडमध्ये वीस वर्षं पडून होतं.

आणखी एक गोष्ट स्कॉटलंडनं केली, जी डिक्स यांच्या कल्पनेपेक्षा वेगळी होती. डिक्स यांचा जीव रुग्णालयाच्या इमारतीत. मोठी, हवेशीर, शेतीवाडी असलेली इमारत हेच त्यांना उत्तर वाटायचं. स्कॉटलंडनं मात्र बऱ्या अवस्थेतल्या कितीतरी गरीब रुग्णांना खेड्यांतल्या कुटुंबांत ठेवलं. आधीही ही रीत होती, आता तिच्यावर देखरेख आली. मंडळाचे उपायुक्त आर्थर मिचेल गावोगाव फिरून या घरांची पाहणी करायचे, १८६४ मध्ये त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं. फाइफमधलं केनोवे हे गाव अशा पाहुण्यांसाठी ओळखलं जायचं. या पद्धतीतही पैशाचा हिशेब होताच, घरात माणूस ठेवणं इमारत बांधण्यापेक्षा स्वस्त पडायचं. पण चार भिंतींबाहेर, शेजारपाजारात राहायला मिळणं ही गोष्ट आज अपंग हक्कांच्या चळवळीत सगळ्यात वर असते. ती तिथं कामचलाऊ रूपात का होईना, होती.

ज्यांच्यासाठी बोललं, त्यांना विचारलं का?

आता तो टोमणा. डिक्स अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत वर्षानुवर्षं फिरल्या, गुलामांचे मालक असलेल्या आमदारांकडून रुग्णालयं मंजूर करून घेतली. गुलामगिरीबद्दल त्यांनी तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं असतं तर रुग्णालयं मिळाली नसती, हे खरं. पण साखळदंडातल्या एका माणसासाठी रात्रीची गाडी पकडणारी बाई दुसऱ्या साखळदंडाजवळून गप्प निघून गेली, हेही तितकंच खरं. त्यांच्यातल्या कणखरपणाची भलामण करताना चरित्रकार ही गोष्ट पटकन ओलांडून जातात.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. डिक्स यांच्या निवेदनांत रुग्ण दिसतात, पण त्यांचं म्हणणं क्वचितच ऐकू येतं. ते थंडीनं कुडकुडतात, रडतात, बांधलेले असतात. त्यांना काय हवं, हे डिक्सच ठरवतात.

त्याच काळात इंग्लंडमध्ये वेगळा आवाज उठला होता. जॉन पर्सिव्हल हे खून झालेले पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचे चिरंजीव. १८३१ ते १८३४ या काळात ते स्वतः मनोरुग्णालयांत बंद होते. बाहेर आल्यावर त्यांनी अनुभव लिहिले आणि १८४५ मध्ये इतर माजी रुग्णांना सोबत घेऊन संघटना काढली. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. आमच्यावर दया दाखवा असं ते म्हणत नव्हते, आम्हाला दाखल करताना आणि उपचार देताना आमचं ऐका, वकील द्या, कायद्याचं संरक्षण द्या, अशी त्यांची मागणी होती. डिक्स ज्यांना आदरानं भेटल्या, त्या शाफ्ट्सबरींच्या आयोगाशी पर्सिव्हल यांचे खटके उडायचे.

पुढे डिक्स यांच्या इमारतींचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. रुग्ण वाढले, पैसे आटले, आणि अमेरिकेत काय, स्कॉटलंडमध्ये काय, विसाव्या शतकात हीच रुग्णालयं माणसं विसरून जाण्याच्या जागा झाल्या. इमारत चांगली असली तरी आतल्या माणसाला बोलायची सोय नसेल तर ती कोठडीच होते.

२००३ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं मानसिक आरोग्याचा नवा कायदा केला, त्यात २५९ वं कलम आलं. स्वतंत्र ॲडव्होकसीचा हक्क मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता किंवा व्यक्तिमत्त्वाचा विकार असलेल्या प्रत्येकाला आहे, मग तो सक्तीनं दाखल असो वा घरी राहत असो. ही सेवा मिळेल याची तजवीज करणं आरोग्य मंडळाचं आणि स्थानिक कौन्सिलचं कर्तव्य. पण सेवा देणारा माणूस त्यांचा नसावा आणि उपचार करणाऱ्यांपैकीही नसावा. त्यानं रुग्णाच्या भल्याचं काय ते ठरवायचं नाही. रुग्णाला काय म्हणायचंय ते समजून घ्यायचं आणि डॉक्टर किंवा लवादासमोर ते पोहोचेल असं बघायचं. थोडक्यात डिक्स यांची निर्भीडता आणि पर्सिव्हल यांची मागणी, दोन्ही एका कलमात आल्या. कलम कागदावर असलं तरी ते पुरवायला पैसा लागतो, आणि पैसा आला की कौन्सिलचं बजेट आलं. १८४८ चं भांडण तिथं अजून पूर्ण मिटलेलं नाही.

उरलेली वर्षं

स्कॉटलंडनंतर डिक्स थांबल्या नाहीत. जर्सी बेटावर गेल्या, कारण इंग्लंडमधले काही घरमालक कायद्यातून सुटायला रुग्ण तिकडे हलवत होते. मग युरोप. १८५६ मध्ये रोममध्ये त्या पोप नववे पायस यांना भेटल्या आणि तिथल्या मनोरुग्णालयाची अवस्था सांगितली. कॅथलिक धर्मगुरूसमोर एक प्रोटेस्टंट शिक्षिका, पण पोपनी ऐकून घेतलं. त्या कॉन्स्टँटिनोपललाही जाऊन आल्या.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या सैन्यानं त्यांना परिचारिकांचं प्रमुख नेमलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सरकारी पद मिळालं, आणि ते त्यांना झेपलं नाही. परिचारिका तिशीच्या पुढची हवी, दिसायला साधी हवी, कपडे गडद हवेत, असे त्यांचे नियम. लष्करी डॉक्टरांशी रोजची भांडणं. १८६३ मध्ये त्यांचे अधिकार बरेचसे काढून घेतले गेले. बाहेरून व्यवस्थेला जाब विचारणारी बाई आत बसून व्यवस्था चालवू शकली नाही. तरीही हजारो बायका त्यांच्यामुळे लष्करी रुग्णालयांत काम करू शकल्या आणि शत्रूच्या जखमी सैनिकांनाही त्यांच्या परिचारिकांनी तितक्याच निष्ठेनं सांभाळलं.

१८८१ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्या न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात राहायला आल्या. रुग्ण म्हणून नाही, पाहुण्या म्हणून. हे रुग्णालय १८४८ मध्ये त्यांच्याच प्रयत्नातून उघडलं होतं आणि त्याला त्या आपलं पहिलं अपत्य मानायच्या. राज्यानं त्यांना तिथं कायमच्या खोल्या दिल्या. आपलं चरित्र लिहू द्यायला त्यांनी हयातभर नकार दिला.

१७ जुलै १८८७ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. बॉस्टनजवळच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांना पुरलं. तीन वर्षांनी फ्रान्सिस टिफनी यांचं चरित्र आलं, लॉर्ड प्रोव्होस्टच्या सामानाचा किस्सा त्यातलाच. १९८३ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. किंमत एक सेंट.